अनुशेष मोजणार कोण?

वाशीमहून हिंगोलीकडे जाणारा रस्ता पैनगंगा ओलांडून कनेरगाव नाक्याला येतो, तेव्हा प्रवाशाच्या नजरेला काहीच बदललेले दिसत नाही. तीच काळी जमीन, तेच सोयाबीन, तीच तूर, पावसाकडे लागलेले तेच डोळे. बोलीसुद्धा दोन्हीकडे सारखीच. बदलतो तो सरकारी नकाशावरील विभाग. नदीच्या त्या काठाला विदर्भ संपतो आणि या काठाला मराठवाडा सुरू होतो. एकेकाळी हीच सरहद्द इंग्रजी अमलाखालचे वऱ्हाड आणि निजामाचे राज्य यांना विभागत होती. तिकडचे चलन निराळे, इकडचा हाली सिक्का निराळा. मालाला करोडगिरी भरल्यावाचून पुढे वाट नव्हती. गावाच्या नावाला चिकटलेला 'नाका' हा शब्द त्या काळाची आठवण आहे. १९५६ साली दोन्ही काठ द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्रात आले आणि सरहद्द मिटली. राज्याच्या विकासखर्चाच्या वहीत मात्र ती कायम राहिली. नदी एकच, परंतु तिच्या दोन काठांचे हिशेब दोन वेगळ्या पानांवर लिहिले जातात, आणि दोन्ही पानांवर बाकी येणेच निघते.

ही बाकी किती, हे सांगण्यास राज्यस्थापनेनंतर चोवीस वर्षे जावी लागली. मागास भागांना न्याय्य वाटा देण्याचे वचन १९५३ च्या नागपूर कराराने दिले होते. घटनेच्या ३७१(२) या अनुच्छेदाने १९५६ साली त्यास आधार मिळाला. पण वचन आणि अनुच्छेद यांच्या पलीकडे कोणाकडेच आकडा नव्हता. विदर्भाचे नेते अन्याय झाल्याचे सांगत, मराठवाड्याचे नेतेही तेच सांगत, आणि मुंबईतील सत्ताधारी दोघांनाही आश्वासन देऊन वाटेला लावत. तक्रारीला आकडा नसला की तिचे राजकारण करणे सोपे जाते आणि तिचे निवारण टाळणे त्याहून सोपे जाते.

ही कोंडी फोडली ती प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली नेमलेल्या सत्यशोधन समितीने. दांडेकर हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक. नीलकंठ रथ यांच्यासमवेत १९७१ साली त्यांनी केलेल्या भारतातील दारिद्र्याच्या अभ्यासाने दिल्लीतील नियोजनकारांना गरिबी मोजावयास भाग पाडले होते. तीच शिस्त त्यांनी महाराष्ट्राला लावली. सिंचन, रस्ते, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी किती हे आधी काढले. मग त्या सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जिल्हा तिथपर्यंत आणण्यास किती खर्च येईल, याचा हिशेब मांडला. १९८४ साली आलेल्या अहवालात ही रक्कम सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाली. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटींचा आणि मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटींचा होता. उरलेला अनुशेष उर्वरित महाराष्ट्रातील जिल्ह्यांचा होता, आणि कोकणालाही त्यातून वगळलेले नव्हते. प्रश्न केवळ 'पश्चिम महाराष्ट्र विरुद्ध इतर' असा नाही, हे भाषणांनी कधी सांगितले नव्हते. ते या तक्त्यांनी सांगितले. 'अनुशेष' हा शब्द त्या दिवसापासून मराठी राजकारणात रूढ झाला आणि विधिमंडळातील एकाही अधिवेशनाला तो पुढे टाळता आला नाही.

दांडेकर समिती सरकारने नेमली होती हे खरे. तरीही तिची पद्धत, तिची निर्भीडता आणि तिच्या आकड्यांवरचा विश्वास सरकारातून आलेला नव्हता. तो अर्धशतक जुन्या एका स्वतंत्र अभ्याससंस्थेच्या परंपरेतून आला होता. आज ज्यांना 'थिंक टँक' म्हणण्याची पद्धत आहे, त्या संस्था म्हणजे पाश्चात्त्यांचे अनुकरण असे मानणाऱ्यांनी महाराष्ट्राचा इतिहास पुन्हा एकदा चाळावा. अमेरिकेतील ब्रुकिंग्ज संस्थेचे मूळ १९१६ सालातील. सरकारी खर्चाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणे हे तिचे काम, आणि १९२१ साली अमेरिकेने केलेल्या अंदाजपत्रकविषयक कायद्याचे बरेचसे श्रेय तिला दिले जाते. पुण्याची सार्वजनिक सभा मात्र १८७० सालची. गणेश वासुदेव जोशी उपाख्य सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या काळात सभेने केले ते काय? १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात तिची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत फिरली. पीक किती बुडाले, लोक गाव सोडून कोठे चालले, मदतीच्या कामावर मजुरी काय मिळते, हे त्यांनी टिपून घेतले आणि ती माहिती सरकारपुढे ठेवली. सरकारच्या आकड्याला आकड्याने उत्तर देण्याची ही रीत होती. तीच रीत पुढे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ साली वेल्बी आयोगापुढील साक्षीत आणि १९०२ पासूनच्या अर्थसंकल्पावरील भाषणांत वापरली. गोखले यांनी १९०५ साली भारत सेवक समाज स्थापला आणि त्यांच्या नावाची अर्थशास्त्र संस्था रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली उभी राहिली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. सभेपासून दांडेकरांपर्यंतची ही साखळी अखंड आहे आणि ती अस्सल मराठी मातीतील आहे.

परंतु या साखळीचा एक दुवा कनेरगाव नाक्यावर येऊन तुटत होता. सार्वजनिक सभेचे क्षेत्र इंग्रजी मुलखातील. निजामाच्या मुलखात सभा भरवणे, संस्था काढणे, सरकारला जाब विचारणारी पत्रिका चालवणे या गोष्टी सहज घडू शकतच नव्हत्या. तेथील राजकीय जागृतीची शक्ती प्रथम मुक्तिसंग्रामात खर्च झाली, आणि ते अपरिहार्यही होते. पुण्यात ज्या काळी अर्थसंकल्पाची चिरफाड होत होती, त्या काळी मराठवाडा स्वातंत्र्यासाठीच झगडत होता. मराठवाड्याचा अनुशेष रस्ते आणि कालवे यांचा आहे, तसाच तो मोजणाऱ्या संस्थांचाही आहे. हा दुसरा अनुशेष कोणत्याही समितीच्या तक्त्यात आलेला नाही.

त्याची किंमत हिंगोली जिल्ह्याने मोजली. दांडेकर अहवालानंतर, २६ जुलै १९८४ रोजी विधिमंडळाने विकास मंडळांच्या मागणीचा ठराव केला. प्रत्यक्षात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांची वैधानिक विकास मंडळे आली ती १९९४ साली. ठरावापासून मंडळापर्यंत दहा वर्षे! त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १ एप्रिल १९९४ ही तारीख धरून नवा हिशेब केला आणि सुधारित आकडा सुमारे १४,००० कोटींवर गेला. राज्यपालांचे निर्देश डिसेंबर २००१ मध्ये सुरू झाले. आता या तारखांकडे थोडे बारकाईने पाहावे. हिशेबाची तारीख १९९४ ची, आणि हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. पलीकडचा वाशीमही अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. म्हणजे ज्या दिवशीचा अनुशेष मोजला, त्या दिवशी नाक्याच्या दोन्ही बाजूंचे आजचे जिल्हे अस्तित्वातच नव्हते.

ही केवळ कागदी बाब नव्हे. जुन्या परभणी जिल्ह्यात येलदरी आणि सिद्धेश्वर ही पूर्णा नदीवरील धरणे. त्यांच्या कालव्यांचे पाणी परभणी, वसमत, नांदेड या भागांना मिळते. वसमतच्या हळदीची आज देशभर जी ख्याती आहे, तिच्यामागे या पाण्याचाही हात आहे. त्याच जिल्ह्याच्या उत्तरेस हिंगोली आणि सेनगाव तालुक्यांचे उंच, पावसावर विसंबलेले रान. कालव्याचे पाणी तेथे चढत नाही. कालव्याखालची ओली जमीन आणि पठारावरची कोरडी जमीन यांची बेरीज करून भागाकार केला की जी सरासरी येते, ती ना वसमतची असते ना कनेरगावची. मात्र सरासरी ओलांडली की जिल्हा 'अनुशेषमुक्त' ठरतो आणि निधीचा प्रवाह दुसरीकडे वळतो. हिंगोलीचा सिंचन अनुशेष स्वतंत्रपणे मोजून मान्य करावा, या मागणीसाठी तेथील लोकप्रतिनिधी आणि शेतकरी यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले ते यामुळेच. पैनगंगेच्या दुसऱ्या काठाला वाशीम जिल्ह्याचा अनुशेष भरून काढण्यासाठी नदीवर अकरा बॅरेजची मालिका उभारण्यात आली. तेथील शेतकऱ्याला पाणी मिळाले तर कोणाच्या पोटात दुखण्याचे कारण नाही. पण खाली इसापूर धरण आहे, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली नांदेड-हिंगोलीची शेती आहे. दोन मागास भागांनी एका नदीच्या पाण्यासाठी परस्परांकडे संशयाने पाहावे, आणि ज्यांनी या संपूर्ण खोऱ्याचा एकत्र हिशेब मांडावयाचा त्यांनी दोन महामंडळांच्या दोन फायलींत तो विभागून ठेवावा, ही नियोजनाची शोकांतिकाच म्हणावी लागेल.

सत्ता बदलल्याने या स्थितीत फरक पडतो, अशी समजूत बाळगणाऱ्यांनी पुढील घटनाक्रम पाहावा. माजी केंद्रीय वित्त सचिव विजय केळकर यांच्या समितीची नेमणूक २०११ साली काँग्रेस आघाडीच्या सरकारने केली. अहवाल २०१३ च्या ऑक्टोबरात आला आणि त्या सरकारने तो विधिमंडळापुढे ठेवलाच नाही. सत्तांतरानंतर डिसेंबर २०१४ मध्ये नागपूर अधिवेशनात तो मांडला गेला, हे नव्या सरकारच्या श्रेयाचे. उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत दरडोई उत्पन्नात मराठवाडा सुमारे ४० टक्के आणि विदर्भ सुमारे २७ टक्के मागे आहे, हे त्या अहवालाने स्पष्ट केले. परंतु मांडलेला अहवाल स्वीकारून त्याचे कार्यक्रमात रूपांतर करण्याचे काम तेथेच थबकले. पुढे ३० एप्रिल २०२० रोजी विकास मंडळांची मुदत संपली आणि महाविकास आघाडी सरकारने ती वाढवली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मंडळांच्या पुनर्रचनेचा निर्णय पुढच्या मंत्रिमंडळाने घेतला. मंत्रिमंडळाचा निर्णय आणि प्रत्यक्ष मंडळ यांच्यात किती अंतर असते, हे १९८४ ते १९९४ च्या दशकाने एकदा दाखवलेच आहे. आपल्या विचारांचे सरकार आले म्हणून हिशेब मागणे थांबवणे हा त्या सरकारवरील विश्वास नव्हे, तो आळस आहे.

सरकारी समितीचा स्वभावच असा की अहवाल देऊन ती विसर्जित होते. अहवालामागे उभे राहून दरवर्षी विचारणा करणारे कोणी उरत नाही. स्वतंत्र संस्थेची गरज नेमकी येथे लागते. पुण्यातील 'प्रयास' या संस्थेच्या ऊर्जागटाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. या संस्थेच्या सर्व भूमिका प्रत्येकाला पटतील असे नाही, पण तिची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. एन्‍रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीजखरेदी करार नव्वदच्या दशकात गाजत असताना राजकीय पक्ष घोषणांत गुंतले होते. प्रकल्प समुद्रात बुडवण्याची भाषा करून १९९५ साली सत्तेवर आलेल्या युतीनेच पुढे फेरवाटाघाटी करून तो स्वीकारला, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या वेळी 'प्रयास'चे तरुण अभियंते कराराची कलमे वाचत होते आणि या विजेचा बोजा राज्य वीज मंडळाला पेलणार नाही, असे आकडेमोड करून सांगत होते. २००१ साली मंडळ आणि कंपनी यांच्यातील वाद विकोपाला जाऊन प्रकल्प बंद पडला, तेव्हा तो हिशेब सर्वांना आठवला.

त्याहून महत्त्वाचे काम त्यानंतरचे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग १९९९ साली स्थापन झाला आणि वीजदराच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी होऊ लागली. तोवर गळती जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढी आहे, असे मंडळ सांगत असे. शेतीपंपांना मीटर नव्हते, त्यामुळे जी वीज कोठे गेली ते सांगता येत नाही ती शेतकऱ्याच्या नावे टाकण्याची सोय होती. 'प्रयास'सारख्या संस्था आणि ग्राहकांच्या संघटना यांनी सुनावणीत प्रश्न विचारले, फीडरनिहाय आकडे मागितले, आणि गळती वस्तुतः तीस टक्क्यांहून अधिक असल्याचे अधिकृतपणे बाहेर आले. कनेरगावच्या शेतकऱ्याने कधी न वापरलेली वीज त्याच्या नावावर लिहिली जात होती, आणि 'शेतकरी फुकट वीज खातो' असे मुंबईच्या दिवाणखान्यांतून त्यालाच ऐकवले जात होते. हा कलंक मोर्चाने पुसला गेला नसता. तो पुसण्यास तक्ता लागला, आणि तक्ता घेऊन आयोगापुढे उभा राहणारा माणूस लागला. याच संस्थेने २००७ पासून निरनिराळ्या गावांत घरांमध्ये साधी यंत्रे बसवून, वीज कोणत्या मिनिटाला गेली आणि दाब किती उतरला याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. शेतीपंपांच्या फीडरला जवळच सौर प्रकल्प जोडून दिवसा वीज द्यावी, ही कल्पनाही अशाच अभ्यासातून पुढे आली. राज्य सरकारने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत तिला आकार दिला. रात्री दोन वाजता पंप सुरू करण्यासाठी शेतात जाणाऱ्या आणि सापाकिरडाच्या भयाने चार पावले मोजून टाकणाऱ्या शेतकऱ्याला दिवसाची वीज म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही.

राष्ट्रीय विचारांच्या क्षेत्रातही या दिशेने काम झालेले आहे. रामभाऊ म्हाळगी आमदार आणि खासदार असताना आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवीत. कायद्याने तशी सक्ती नव्हती, आणि आजही नाही. त्यांच्या निधनानंतर १९८२ साली उभी राहिलेली रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणाचे आणि अभ्यासाचे काम करीत आली आहे. पण प्रशिक्षित सरपंचाला हाताशी आकडे हवेत. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आपल्या गटाचा वाटा मागणाऱ्या सदस्याजवळ भावनेखेरीज काही नसेल, तर अधिकारी त्याला चहा पाजून परत पाठवतात.

स्वतंत्र संस्थांच्या स्वातंत्र्याविषयीही स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. सरकारी अनुदानावर चालणारी संस्था सरकारला दुखवत नाही, उद्योगसमूहाच्या देणगीवर चालणारी संस्था त्या उद्योगाला दुखवत नाही, आणि परकीय प्रतिष्ठानांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेचा विषयपत्रिकेचा मसुदा कोठे ठरतो हा प्रश्न उपस्थित होतोच. यावर एकच उपाय परिणामकारक ठरतो. पैसा कोणाचा हे संस्थेने जाहीर करावे आणि आकडे कोठून घेतले हेही जाहीर करावे, म्हणजे कोणालाही ते पुन्हा मोजून पाहता येतील. दांडेकरांच्या तक्त्यांवर पुष्कळ टीका झाली. सरासरी स्वतःच पुढे सरकत जाते, मग मागे पडलेला तिला गाठणार केव्हा, ही टीका तर रास्तच होती. पण ती करता आली, कारण तक्ते उघडे होते.

माहिती मिळवणे आता दांडेकरांच्या काळाइतके कठीणही राहिलेले नाही. महाराष्ट्राचा माहिती अधिकार कायदा २००२ चा, केंद्राचा २००५ चा. त्यातील चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणांनी स्वतः होऊन माहिती प्रसिद्ध करावयाची आहे. उणीव आहे ती ती माहिती गोळा करून, गावागावांशी पडताळून, मराठीत मांडणाऱ्यांची. २०११ नंतर देशात जनगणना झाली नाही आणि पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ हा ठरला आहे. तिचे आकडे हाती येताच निधीवाटपाचे सर्व दावे नव्याने मांडले जातील. त्या वेळी एकक जिल्हा धरावयाचे की तालुका, आणि नदीच्या दोन्ही काठांचा हिशेब एकत्र करावयाचा की नाही, हे ज्यांच्याकडे तयार तक्ते असतील तेच ठरवतील.

हिंगोली जिल्हा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतो आणि वाशीम अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठाच्या. दोन्हीकडे अर्थशास्त्राचे अध्यापक आहेत, संशोधनाचे विषय शोधणारे विद्यार्थी आहेत, आणि प्रबंधांची कपाटे भरलेली आहेत. हिंगोली आणि वाशीम या लगतच्या दोन तालुक्यांतील वीस-वीस गावे घ्यावीत. विहिरीची पातळी, फीडरला दिवसा मिळालेली वीज, आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर असलेले दिवस, भिजलेले क्षेत्र आणि पावसाळ्यात बंद पडलेले रस्ते यांची नोंद तीन वर्षे सलग ठेवावी. एवढ्या कामासाठी ना आयोग लागतो, ना परकीय देणगी. सर्वेक्षणाची पहिली बैठक भरवावयाची झाल्यास दोन्हीकडच्यांना सारखेच सोयीचे गाव पैनगंगेच्या पुलाशीच आहे.